उलटवलेली कॉलर

सोमवारी सकाळी नातीनं माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली. ओढून नाही, भांडून नाही. नुसता हात पुढं केला आणि म्हणाली, “दे, माझा शर्ट मी करते.” कायद्याच्या कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून ती फौजदारी कोर्टात एका जजबाईंच्या हाताखाली काम शिकायला जात होती, आणि तीन आठवडे रोज सकाळी तिचा पांढरा शर्ट मीच केला होता. दुसरं कोण करणार? कोर्टाच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं माझं धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे. निम्म्या शहरातल्या वकिलांचे काळे गाऊन माझ्या टेबलावरून गेलेत. कुणाचं कोपर झिजलंय आणि कुणाची मान मळते ते त्यांच्या बायकांच्या आधी मला कळतं. मी म्हटलं, “बुटके, भाजशील.” लहानपणी फार बुटकी होती म्हणून बुटकी, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. एरवी या हाकेवर ती फणकारून काहीतरी बोलते. त्या दिवशी म्हणाली, “भाजू दे.” कॉलर टोकाकडून मध्यावर आणायची असते, ती मध्यावरून टोकाकडं रेटत गेली, टोकाशी चुणी जमली, ती तशीच तिनं दाबून टाकली. मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही ही गोष्ट आमच्या घरात इतकी नवीन, की मोठी सून स्वयंपाकघरातून डोकावून बघून गेली. नातीनं शर्ट घातला, पिशवी घेतली आणि “येते” न म्हणता गेली. इस्त्री आडवी ठेवली होती. चाळीस वर्षांत माझ्या घरात कुणी इस्त्री आडवी ठेवलेली नाही. मी ती उभी केली. वाटलं, हिला कळलं.

कळण्यासारखं एकच होतं. ही माझ्या धाकट्याची मुलगी. धाकटा तुरुंगात गेला तेव्हा ही दोन वर्षांची होती आणि तो तिथंच वारला तेव्हा सात वर्षांची. हिला समजायला लागल्यापासून मी हिला एकच सांगत आले: तुझ्या बापाला तुझ्या आईनं आत घातलं. भर कोर्टात त्याचा शर्ट ओळखला, साक्ष दिली आणि मग तोंड काळं करून निघून गेली. झोपताना दुसऱ्यांच्या पोरांना राजाराणीच्या गोष्टी सांगतात, मी हिला ही सांगितली. आणि गोष्टीच्या शेवटी रोज म्हणायचे, “मोठी हो, काळा कोट घाल, तुझ्या बापाची फाईल उघड आणि सगळ्यांची तोंडं बंद कर.” फाईल उघडली तर पहिलं तोंड कुणाचं बंद होईल हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मला वाटायचं, कोर्टातली कागदं कुठं टिकतात, वाळवी खात असेल, पावसाचं पाणी शिरत असेल. आणि खरं सांगायचं तर तेही वाटायचं नाही. रोज तीच घडी त्याच जागी दाबली की कापड विसरतं आपण पूर्वी सपाट होतो ते. मला ती गोष्ट सांगताना धाकट्या सुनेचं तोंड दिसायचं, पिंजऱ्यात उभं राहिलेलं, ओठ हलताना दिसायचे. जे कधी घडलंच नाही ते मला माझ्या डोळ्यांनी दिसायचं.

ते तीन आठवडे मात्र सोन्याचे गेले होते. जजबाईंची पद्धत अशी, की नातीनं दिवसभर त्यांच्या खालच्या बाजूला लहान टेबलाशी बसायचं, ऐकायचं आणि संध्याकाळी एक पान लिहून द्यायचं. साक्षीदार काय बोलला ते नाही, ते टायपिस्ट लिहितोच. त्याला काय बोलायचं नव्हतं ते लिहायचं. जेवताना नात ते पान मला वाचून दाखवायची. एक दिवस पंक्चरवाला, एक दिवस नर्स, एक दिवस म्हातारा घड्याळजी. मी म्हणायचे, “तो घड्याळजी खोटं बोलतोय.” “कशावरून?” “वेळ विचारली तर मनगटाकडं बघितलं नाही म्हणतेस ना? जन्म गेला घड्याळात, हात वर जायलाच पाहिजे. नाही गेला म्हणजे उत्तर घरून पाठ करून आला होता.” नात घास तोंडात तसाच ठेवून हसायची. दुसऱ्या दिवशी तिनं ते जजबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “तुझ्या आजीला माझ्या जागी बसव आणि मी दुकान बघते.” हे ऐकून मी चार दिवस हवेत होते. भाजीवालीला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, एका वकिलाला तर त्याचा गाऊन हातात देता देता सांगितलं. चौथी शिकलेली बाई मी, आणि मोठ्या कोर्टातली जज माझं नाव काढते. माझ्या तोंडानंच मी पोरीला शिकवत होते साक्षीदार कसा ओळखायचा.

सोमवारी दिवसभर दुकानात माझं चित्त नव्हतं. कपड्यावर पाण्याचा शिपका मारला की सगळं पाणी एका जागी पडायचं. एका गाऊनच्या पाठीवर इस्त्री जरा जास्त थांबली आणि काळ्यावर लाल झाक आली, नखाएवढी. मी तो उलटा करून ठेवला. संध्याकाळी नात आली, जेवली, ताट उचललं, झोपली. मंगळवारी तेच. ती बोलत नव्हती असं नाही. “पाणी दे,” “दिवा बंद करू का,” सगळं बोलत होती. पण पान वाचून दाखवलं नाही. आणि माझ्याकडं बघताना तिचे डोळे माझ्या तोंडावर नसायचे, हातांवर असायचे. तीच मला म्हणाली होती पहिल्या आठवड्यात, जजबाई सांगतात, साक्षीदार बोलतो तेव्हा त्याच्या हातांकडं बघ. मी हात मांडीखाली घेतले. ती उठून गेल्यावर मी मोठीला धरलं. मोठी सून म्हणजे मुखदुर्बळ बाई, पंचवीस वर्षांत माझ्यासमोर तिनं पाच वाक्यं पूर्ण केली नसतील, मीच करू दिली नाहीत. म्हटलं, “काय गं, तुला काही बोलली का ती?” ती भांडं घासत राहिली. “तोंडात काय मीठ धरलंयस?” तेव्हा म्हणाली, “आई, तिनं जजबाईंना सांगूनच फाईल मागवली. त्या म्हणाल्या, वाच, पण याचं पान लिहू नको, हे तुझं तुझ्यासाठी. शुक्रवारी वाचली तिनं.” “मग?” “मग मला विचारलं, मोठी आई, तुला माहीत होतं का.” मोठीनं नळ बंद केला. “मी हो म्हटलं, आई. मला नाही आता होत.” आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडं पाठ करून खोलीतून निघून गेली. तिचा नवरा, माझा थोरला, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. पानाची सळसळसुद्धा झाली नाही. साक्ष झाली त्या दिवशी तोही कोर्टात होता. माझ्या शेजारी बसला होता तो.

माझ्या जागी कुणीही बाई असती तर तिला तोंड बंद ठेवणं जमलं असतं. गोदामाशी भर दुपारी मारामारी झाली, माल उतरवणाऱ्यांची आणि ट्रकवाल्यांची. एक माणूस ढकलला गेला आणि दगडी पायरीवर डोकं आपटून गेला. ज्यानं ढकललं तो पळाला, पण त्याचा शर्ट मेलेल्याच्या मुठीत फाटून राहिला. पोलिसांकडं शर्ट होता, शर्टातला माणूस नव्हता. बघणारे पाच होते आणि पाचांनी पाच तऱ्हेची माणसं सांगितली. धाकटा त्या गोदामात कामाला होता, म्हणून त्याला धरलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या पट्टीवर मी शाईची खूण घालते, पण घरच्या कपड्यांवर घालत नाही. घरचे कपडे काय चुकणार आहेत? तेव्हा त्या शर्टावर खूण नव्हती. आमचा वकील म्हणाला, “बाई, तुम्हाला सरकारी पक्ष बोलावणार. दोनच शब्द पाठ करा. माहीत नाही. शर्ट कुणाचा, माहीत नाही. कुठं शिवला, माहीत नाही. फितूर म्हणतील, म्हणू देत. फितूर ठरून आजवर कुणी मेलेलं नाही.” महिनाभर मी ते दोन शब्द घोकले. इस्त्री पुढं नेताना माहीत, मागं आणताना नाही. धाकट्यानं ढकललं होतं का, हे मी त्याला विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. माझ्या पोराला मी काय विचारायचं?

पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा जरासुद्धा घाबरले नव्हते. समोरचा सरकारी वकील माझंच गिऱ्हाईक. त्याच्या कोटाचं अस्तर मीच बदललं होतं, आणि मनात म्हणत होते, तू मला काय विचारणार, तुझी काख कुठं फाटते ते मला ठाऊक आहे. त्यानं शर्ट दाखवला. मी म्हटलं, माहीत नाही. नीट बघा. माहीत नाही. मुलाचा आहे का? माहीत नाही. तो कंटाळल्यासारखा झाला, वळला, शर्ट दोन बोटांत धरून जजसाहेबांना म्हणाला, “राहू द्या साहेब. या बाईंचं दुकान नावाजलेलं आहे, हा शर्ट त्यांच्याकडचा नसणारच. ही कॉलर बघा, कुणीतरी उलटवून बसवलीय, वेडीवाकडी, नवशिक्या हातानं. असं गचाळ काम त्यांच्याकडं होत नाही.” कॉलर विरली की ती उसवून, उलटी करून, आतली चांगली बाजू वर घेऊन परत बसवायची असते. दिसायला सोपं, पण शंभरातल्या नव्वदांच्या हातून कॉलर मानेला उभी राहत नाही. मला अजून आठवतं, माझ्या कानात आधी ऊन शिरल्यासारखं झालं. मी म्हणाले, “गचाळ? आण इकडं.” त्यानं आणून दिला. मी म्हणाले, “हा कोपरा बघ. सुईनं काढलेला नाही, नखानं काढलाय, म्हणून कापडाला भोक नाही. ही शिवण बघ, जुन्या भोकांतूनच नवा दोरा गेलाय, एक टाका इकडं नाही की तिकडं नाही. टोकाला दोरा दुहेरी. या शहरात अशी कॉलर उलटवणारा दुसरा हात असेल तर आणून उभा कर माझ्यासमोर, मी दुकान बंद करते.” टायपिस्टची बोटं टकटक चालली होती. मग थांबली. सरकारी वकील फार हळू म्हणाला, लहान मुलाशी बोलतात तसं, “कुणासाठी उलटवली होती, बाई?” मी तोंड उघडलं आणि ते पाठ केलेले दोन शब्द कुठं सापडेनात. मी धाकट्याकडं बघितलं. तो आरोपीच्या जागी उभा होता, आणि मी कुठल्याही देवळात शपथ घेऊन सांगेन, त्याच्या तोंडावर कौतुक होतं. लहानपणापासून, मी गिऱ्हाइकांशी भांडायला लागले की तो दाराआडून असाच बघायचा. बघा आमची आई.

त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. काढली पाच. तुरुंगात भेटायला गेले तेव्हा जाळीच्या पलीकडून पहिलं काय बोलावं? म्हणाला, “कॉलरचं तू बरोबर बोललीस. आत एक शिंपी आहे, त्याला सांगितलं मी, तो म्हणतो जुन्या भोकांतून दोरा घालणारा माणूस त्यानं बघितलेला नाही.” मी म्हटलं, “गप रे.” एवढंच म्हटलं. क्षमा माग असं मनात कुणीतरी म्हणत होतं, पण मी जन्मात कुणाची मागितली नव्हती, ते शब्द तोंडात कसे धरतात हेच माहीत नव्हतं. मग आपण काय बोलतो? “जेवतोस का नीट?” “जेवतो.” पाचव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला. त्याला गुंडाळून दिलं ती चादर धड पिळलेलीसुद्धा नव्हती, कडा ओल्या होत्या. तिथल्या शिपायाला मी म्हटलं, “हिला धुणं म्हणतात?” थोरल्यानं मला खांद्याला धरून बाहेर आणलं. लोक म्हणाले, बाईच्या डोळ्यांत पाणी नाही. त्या चादरीच्या कडा मला अजून बोटांना लागतात, भर उन्हात, कोरड्या कापडावरून हात फिरवताना.

पण मुलाला घालवलं ती एक गोष्ट, दुसरी वेगळी आहे. साक्ष झाली त्या दिवशी आम्ही कोर्टातून चालत घरी आलो. पुढं मी, मागं थोरला, त्याच्या मागं धाकटी सून कडेवर पोर घेऊन. लहान मूल आत नेऊ देत नाहीत म्हणून ती दिवसभर बाहेरच्या बाकावर बसली होती. आत काय झालं ते तिला थोरल्यानं जिन्यात सांगितलं असेल. गल्लीच्या तोंडाशी शेजारीण उभी होती. “काय झालं हो?” माझ्या मागं दोन पावलांवर सून होती. आणि मी म्हणाले, “होणार काय? या बयेनं शर्ट ओळखला.” काही ठरवलेलं नव्हतं. विस्तव हातावर पडला की झटकतो आपण, कुणाच्या अंगावर जाईल ते बघत नाही. शब्द बाहेर पडल्यावर एका क्षणात परत घेता आले असते. मी वळून बघितलं. सून माझ्याकडं बघत होती. ओरडली असती, खोटं म्हणाली असती, तर मी कदाचित... नाही, मी तिलाच चार शिव्या दिल्या असत्या. पोरीच्या पायातला बूट निसटत होता, तिनं तो नीट घातला आणि ती घरात गेली. एक महिना वाट बघितली तिनं. रोज दुकानात माझ्या समोरच्या टेबलाशी उभी राहून चादरींच्या घड्या घालायची. घडी मीच तिला शिकवली होती, चार बोटं कड आत घ्यायची म्हणजे चादर उलगडताना हाताला कड लागत नाही. महिनाभर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. गल्लीतल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. माहेरी बाप नव्हता, भावजय होती. एका सकाळी म्हणाली, “मी जाते. पोरगी ठेवते, माझ्याकडं आज तिला झोपवायला जागा नाही. जागा झाली की न्यायला येईन.” मी म्हटलं, “ये तर खरी.” आली. दोनदा शाळेच्या फाटकाशी आली. दुसऱ्यांदा मी तिथं होते. मी तिला काय म्हणाले ते मी कुणाला सांगणार नाही, मरतानासुद्धा. पण ती तिसऱ्यांदा आली नाही.

बुधवारी लाल झाक आलेला तो गाऊन पिशवीत घेऊन मी कोर्टात गेले. म्हटलं, वकिलाला दाखवून टाकू, आणि तेवढ्यात आत डोकावू. चाळीस वर्षं कोर्टाच्या मागं काढली, पण त्या दिवसानंतर आत पाऊल टाकलं नव्हतं. खोली तीच नव्हती, पण वास तोच होता, जुन्या कागदांचा आणि माणसांच्या घामाचा. शेवटच्या बाकावर बसले. वर जजबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. खाली लहान टेबलाशी माझी नात, चुण्या पडलेल्या शर्टात, मान खाली घालून लिहीत होती. पिंजऱ्यात एक सुतार होता. वकील त्याला लाकूड कोरायची पटाशी दाखवून विचारत होता, ही तुमची का? त्या पटाशीची मूठ हातानं घासून घासून एका बाजूला खोल झालेली मला शेवटच्या बाकावरून दिसत होती. अंगठ्याची जागा होती ती, कुणाच्यातरी वीस वर्षांच्या अंगठ्याची. सुतारानं तिच्याकडं बघितलं. त्याचा उजवा अंगठा आपोआप हलला, आणि त्यानं तो मुठीत दाबून धरला. म्हणाला, “माहीत नाही साहेब.” झालं. वकील बसला. सुतार उतरला, चप्पल घातली आणि गेला. किती सोपं होतं. मुठीत धरता येईल एवढं सोपं. एक अंगठा दाबून धरायचा. कुणाच्या घरात तो सुतार आता जाऊन जेवायला बसेल, त्याचा कोण असेल, भाऊ असेल, मुलगा असेल, तो समोर बसलेला असेल. नातीनं मान वर केली आणि मला बघितलं.

जजबाई उठल्या, सगळे उठले. नात बाहेर आली तेव्हा मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. ती शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा ठेवून. मी म्हटलं, “सुतारानं ओळखली होती.” “माहीत आहे,” ती म्हणाली, “मी तेच लिहिलं.” समोरून एक वकील गेला, त्याचा गाऊन माझाच, पण मी नमस्कार केला नाही. ती म्हणाली, “आजी, तू तिथं काय बोललीस त्याचा मला राग नाही. आठ पानं आहेत तुझी. मी वाचत होते आणि मला कळत होतं पुढं काय होणार. मी पान उलटायला घाबरत होते. तुला ओरडून सांगावंसं वाटत होतं, गप बस गं, गप बस. मी रडले तुझ्यासाठी. बाबांसाठी नाही, तुझ्यासाठी.” तिचा आवाज कुठंही वर गेला नाही. वकील होणार पोर, मला वाटलं, आणि त्याही वेळेला मला अभिमान वाटला, माझ्या तोंडात शेण. “पण माझ्या आईचं नावच नाही त्या फाईलमध्ये. कुठंच नाही. मी तीनदा बघितलं. ती साक्षीदारच नव्हती.” मी म्हटलं, “नव्हती.” “मी तिला अठरा वर्षं शिव्या दिल्या. शाळेत निबंध लिहिला होता, माझी आई, त्यात लिहिलं होतं माझी आई मेली. तू बाईंना दाखवायला सांगितलंस. आठवतं?” “आठवतं.” “तू हसलीस तेव्हा.” मी हात मांडीवर उघडे ठेवले. बघू दे. “एकच सांग,” ती म्हणाली, “ती कुठं आहे ते तुला माहीत आहे का?”

आता ते दोन शब्द सापडले. जिभेच्या टोकावर, घासूनपुसून, तयार. एकदा म्हटले असते तर ती बुधवारी, गुरुवारी, पुढच्या सोमवारी माझ्याच घरी आली असती. महिनाभर अबोला, मग कधीतरी “बुटके” म्हटल्यावर फणकारली असती. माझ्याकडं दुसरं काही उरलेलं नाही. थोरला आहे, पण तो माझा कधीच नव्हता, तो नुसता मला घाबरतो. मी म्हटलं, “मोठ्या दवाखान्याच्या मागं, कामगारांच्या खोल्या आहेत. दुसरा मजला. जिन्यापासून तिसरं दार. दवाखान्यात चादरी धुतात तिथं कामाला आहे.” ती माझ्याकडं बघत राहिली. “कधीपासून माहीत आहे?” “सात वर्षं.” मला वाटलं, एवढ्यावर थांबेल. पण तिला शिकवलंय ना जजबाईंनी, साक्षीदाराला काय बोलायचं नाही ते शोधायचं. म्हणाली, “कसं कळलं?” आणि मी सांगितलं. “तुला टायफॉईड झाला होता, अकरा दिवस त्याच दवाखान्यात होतीस. दुसऱ्या दिवशी आया तुझी चादर बदलायला आली. कपाटातून घडी काढली. चार बोटं कड आत घेतलेली. दुनियेत अशी घडी दोनच बायका घालतात. मग मी त्या आयाला विचारलं.” “म्हणजे ती...” “खाली, तळघरात होती. रोज. तुझ्या अंगाखालच्या चादरी तिच्या हातच्या.” “मी तापात आई आई करत होते, आजी.” “करत होतीस.” “तू म्हणालीस, मी आहे ना इथं. तू म्हणालीस, मलाच हाक मारतेयस.” तिच्यापर्यंत दोन जिने होते. खाली जाऊन नुसतं दारात उभं राहायचं होतं, तोंडानं काही म्हणायलाही लागलं नसतं, मला बघून ती धावतच वर आली असती. तिला आणायला म्हणून मी पहिला जिना उतरले होते एकदा. नवव्या दिवशी, ताप चढला तेव्हा. मधल्या वळणावर उभी राहिले, वाफेचा आणि साबणाचा वास येत होता, खाली कुणीतरी चादर झटकत होतं. मग वाटलं, ही पोर बरी होईल आणि आईबरोबर निघून जाईल. आणि मी परत वर आले.

नात उठली. तिनं काही म्हणावं म्हणून मी थांबले होते, काहीही, शिवीसुद्धा. ती पिशवीचा बंद खांद्यावर नीट करत होती, पुन्हा पुन्हा, नीट असलेलाच. मी म्हटलं, “दारात माझं नाव सांगू नको. उघडणार नाही.” ती म्हणाली, “मग काय सांगू? ती मला ओळखेल का?” आणि एवढं विचारताना ती एकदम लहान झाली, दोन वर्षांची, बूट निसटलेली. मी म्हटलं, “ओळखेल.” “कशावरून म्हणतेस?” “तुला चालताना उजवा पाय किंचित आत पडतो, तिच्यासारखा. सात वर्षांची होतीस तेव्हापासून मी तो सरळ करायला बघतेय, होत नाही.” ती निघाली. व्हरांडा लांब होता. मी तिच्या पायांकडं बघत राहिले, वळणापर्यंत, आणि ती वळल्यावरही त्या रिकाम्या जागेकडं.

दुपारची वेळ झाली, माणसं परत आत जायला लागली. शिपाई दारात येऊन कुणाचंतरी नाव तीनदा पुकारून गेला. परत आला तेव्हा माझ्यासमोर थांबला. “आजी, कुणाच्या बाजूनं आलाय?” मी त्याच्याकडं बघितलं. तरुण होता, खाकी कपडे, खिशाची शिवण सुटलेली. म्हणाला, “म्हणजे, आरोपीच्या की फिर्यादीच्या? साक्ष आहे का तुमची?” मी म्हटलं, “झाली.” “मग घरी जा की. ही बाकं ज्यांची साक्ष व्हायचीय त्यांच्यासाठी असतात.” “जाते,” मी म्हटलं. तो दुसऱ्या दाराकडं गेला, तिथंही त्यानं एक नाव तीनदा पुकारलं. मी बसूनच राहिले.